तुम्ही विचारलंत म्हणून: एकच भेट कॅलेंडरमध्ये दोनदा का दिसते?

काफ्का म्हणजे एका प्रणालीकडून दुसरीकडे मेसेज पोचवणारी व्यवस्था. तिच्यातले मेसेज गुगल कॅलेंडरमध्ये नेणारा कनेक्टर, म्हणजे दोन्हींना जोडणारा तयार प्रोग्रॅम, ज्यांनी नुकताच लावलाय, त्यांचा एकच प्रश्न माझ्याकडे फिरून फिरून येतो. ‘कॉन्फिग बरोबर आहे, कनेक्टर चालू आहे, नोंदीही पडताहेत. मग काही भेटी दोनदा का दिसतात?’ काही जण थेट तयार कॉन्फिग फाइलच मागतात. फाइल द्यायला माझी ना नाही, पण उत्तर तिच्यात नाही. कनेक्टरला हात लावण्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते: मेसेजमधली भेट ओळखायची कशावरून?

मला हे कळलं ते एका फोनमुळे. आमच्याकडे घरोघरी जाऊन दुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञांच्या भेटी काफ्कातल्या एका टॉपिकवर, म्हणजे मेसेजच्या एका रांगेत, येत आणि तिथून कनेक्टर त्या प्रत्येकाच्या कॅलेंडरमध्ये टाकत असे. एका संध्याकाळी मी कनेक्टरचं नाव बदललं. जुनं नाव चाचणीच्या काळातलं होतं, ते नीट असावं एवढाच हेतू. बाकी एका अक्षराला धक्का लावला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एका तंत्रज्ञाचा फोन आला. ‘मॅडम, मी दारात उभा आहे आणि या बाई म्हणताहेत, भेट परवाच रद्द केली. माझ्या मोबाइलवर तर दहाची वेळ दिसतेय.’ त्याचं म्हणणं खरं होतं आणि बाईंचंही. रद्द झालेल्या भेटी तेव्हा ऑफिसमधली माणसं कॅलेंडरमधून हाताने काढत. ती भेट काढलेलीच होती. रात्री कनेक्टरने ती परत घातली.

झालं असं. सिंक कनेक्टर, म्हणजे काफ्कातून मेसेज बाहेर नेणारा, टॉपिक वाचतो तो एका कन्झ्युमर ग्रुपच्या, म्हणजे वाचकगटाच्या, नावाने, आणि ते नाव ‘कनेक्ट’ या शब्दाला कनेक्टरचं नाव जोडून बनतं. कुठवर वाचून झालं, ही खूण म्हणजे ऑफसेट, त्या ग्रुपच्या नावावर जमा असते. नाव बदललं की ग्रुप नवा, आणि नव्या ग्रुपकडे खूण नाही. खूण नसेल तर सुरुवात कुठून करायची? काफ्का कनेक्टचं, म्हणजे कनेक्टर चालवणाऱ्या काफ्काच्या भागाचं, ठरलेलं उत्तर आहे ‘अर्लिएस्ट’, म्हणजे टॉपिकमध्ये शिल्लक असलेल्या सगळ्यात जुन्या मेसेजपासून. काफ्का मेसेज मुळात सात दिवस ठेवतो आणि आम्ही ती मुदत बदललेली नव्हती. त्यामुळे आठवड्याभरात ठरलेल्या साऱ्या भेटी पुन्हा पडल्या. पुढच्या भेटी दुहेरी झाल्या, काढलेल्या परत आल्या.

नाव बदलू नका, एवढाच धडा यातून घेतला तर तो अपुरा आहे. नाव न बदलताही हे होतं, फक्त थोड्या प्रमाणात. कनेक्टर ऑफसेट प्रत्येक मेसेजनंतर नोंदवत नाही. मूळ सेटिंगमध्ये हे साठ सेकंदांनी एकदा होतं. कॅलेंडरमध्ये भेट पडली आणि ऑफसेट नोंदवायच्या आत वर्कर, म्हणजे कनेक्टर चालवणारी प्रक्रिया, बंद पडला, तर पुन्हा चालू झाल्यावर तेवढ्या वेळातले मेसेज परत जातात. ‘किमान एकदा पोचेल’ अशी ही हमी आहे, ‘एकदाच पोचेल’ अशी नव्हे. मेसेज हरवण्यापेक्षा दुसऱ्यांदा गेलेला बरा, हा निर्णय मला पटतो. पण मग दुसऱ्यांदा आलेला मेसेज ओळखायची जबाबदारी आपल्यावर येते.

ती पार पाडायची सोय कॅलेंडरच्या एपीआयमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमने कॅलेंडरशी बोलायच्या दारात, आहे आणि बहुतेक जण तिच्याकडे बघतच नाहीत. नोंद घालताना तिचा आयडी दिला नाही तर सर्व्हर आपल्या मनाने एक देतो. तोच मेसेज पुन्हा पाठवा, नवा आयडी, नवी नोंद. पण आयडी आपण दिला तर त्याच कॅलेंडरमध्ये त्याच आयडीची दुसरी नोंद पडत नाही. ४०९ हा कोड परत येतो, अर्थात हा आयडी आधीच वापरलेला आहे. काढून टाकलेल्या नोंदीचाही आयडी अडलेला राहतो. त्या सकाळी आमच्या नोंदींना आमचे आयडी असते, तर तो माणूस त्या दारात गेलाच नसता.

आयडीत काय चालतं याचे नियम कडक आहेत. रोमन लिपीतली लहान अक्षरं, तीही ए पासून व्ही पर्यंतच, आणि शून्य ते नऊ आकडे. लांबी किमान पाच, कमाल १०२४. हायफन नाही, मोठी अक्षरं नाहीत, डब्ल्यू-एक्स-वाय-झेड नाहीत. आमच्या भेटीच्या क्रमांकात सुरुवातीला मोठी अक्षरं आणि मधे हायफन होता, म्हणून तो जसाच्या तसा चालेना. प्रत्येक भेटीला मूळ प्रणालीने दिलेला यूयूआयडी, म्हणजे दुसऱ्या कशाशीही न जुळणारा ओळखक्रमांक, मात्र होता. यूयूआयडी छत्तीस चिन्हांचा असतो, त्यातले चार हायफन काढले की बत्तीस उरतात, आणि ती सगळी शून्य ते नऊ किंवा ए ते एफ मधलीच. म्हणजे नियमात चपखल बसणारी. चार हायफन काढणं, एवढंच काम होतं. फक्त हा यूयूआयडी भेट ठरताना एकदाच तयार झालेला हवा. पाठवण्याच्या क्षणी नवा बनवलात तर काहीच साधत नाही.

आता तो आयडी नोंदीत घालायचा कुठे? आम्ही अपाचे कॅमलचा कनेक्टर वापरला. त्यात एपीआयचं नाव आणि मेथडचं, म्हणजे करायच्या क्रियेचं, नाव कॉन्फिगमध्ये द्यावं लागतं. नवी नोंद करायची तर ‘इव्हेंट्स’ आणि ‘इन्सर्ट’. इन्सर्टला गुगलच्या जावा लायब्ररीतला इव्हेंट ऑब्जेक्ट लागतो, म्हणून मेसेजमधल्या जेसन मजकुरापासून तो घडवणारा छोटासा ट्रान्स्फॉर्म, म्हणजे रूपांतराचा कोड, आम्ही लिहिला आणि आयडी तिथेच घातला. कोणाच्या कॅलेंडरमध्ये जायचं ते मेसेजच्या हेडरमधून, म्हणजे मजकुरासोबत जाणाऱ्या माहितीतून, देता येतं. आणि एक गोष्ट आधीच समजून घ्या: असा एक कनेक्टर एकच मेथड चालवतो. बदल आणि रद्द यांसाठी वेगळे कनेक्टर लागतात, आणि दोन कनेक्टरांत क्रमाची हमी कोणीच देत नाही. रद्द करणारा पुढे गेला आणि घालणारा मागे राहिला, तर जी नोंद अजून पडलेलीच नाही ती काढायचा प्रयत्न होतो, आणि मग ती निवांतपणे पडते. आमच्याकडे बदल थोडे होते, म्हणून रद्द करणाऱ्याचे अपयशी मेसेज थोड्या वेळाने पुन्हा पाठवून भागलं. तुमच्याकडे भेटींची सतत अदलाबदल होत असेल, तर तयार कनेक्टरच्या मागे न लागता स्वतःचा छोटा कन्झ्युमर, म्हणजे टॉपिक वाचणारा प्रोग्रॅम, लिहा, असंच मी सांगेन. एका भेटीचे सगळे मेसेज एकाच की वर (मेसेजच्या ओळखखुणेवर), म्हणजे टॉपिकच्या एकाच पार्टिशनमध्ये (भागात), ठेवले की तिथे क्रम टिकतो.

४०९ आला की पुढे काय, हेही ठरवावं लागतं. मूळ सेटिंगमध्ये पहिल्याच चुकीला टास्क, म्हणजे कनेक्टरचं प्रत्यक्ष काम करणारा भाग, थांबतो आणि आपणहून परत उठत नाही. कनेक्टरची स्थिती मात्र ‘रनिंग’च दिसत राहते, खाली टास्कची स्थिती वेगळी लिहिलेली असते, ती बघायची. म्हणून चुका सहन करण्याचं सेटिंग ‘ऑल’ करतात. ते जरूर करा, पण त्यासोबत डेड लेटर टॉपिकचं, म्हणजे अपयशी मेसेज बाजूला टाकायच्या टॉपिकचं, नाव द्या आणि चुकीचं कारण हेडरमध्ये लिहिण्याची सोय चालू करा. नुसतं ‘ऑल’ केलंत तर मेसेज गुपचूप गळतील आणि पत्ता लागणार नाही. बाजूला पडलेल्या मेसेजमधले ४०९ वाले सोडून द्यायचे, बाकीचे माणसाने वाचायचे.

वेळेबद्दल दोन ओळी: तारीख-वेळ पाठवताना यूटीसीपासूनचा (जागतिक प्रमाणवेळेपासूनचा) फरक किंवा टाइमझोनचं नाव, यातलं काहीतरी हवंच. आणि दिवसभराच्या नोंदीत शेवटची तारीख धरली जात नाही, म्हणून १२ आणि १३ तारखेच्या कामाचा शेवट १४ लिहायचा.

परवानगीचंही एक. ‘बरोबर आठवड्याने बंद पडलं’ असं कोणी सांगितलं की मी आधी तिथेच बघते. गुगलच्या प्रोजेक्टची स्थिती ‘टेस्टिंग’ असेल आणि ते बाहेरच्या वापरकर्त्यांसाठी असेल, तर रिफ्रेश टोकन, म्हणजे परवानगी चालू ठेवणारी किल्ली, सात दिवसांत संपतं.

हे सगळं जुळलं की नाही ते खऱ्या माणसांच्या कॅलेंडरवर तपासू नका. एक रिकामं कॅलेंडर घ्या, पन्नास भेटी पाठवा, त्यातल्या पाच हाताने काढा. मग कनेक्टर थांबवा, ऑफसेट पुसा आणि पुन्हा चालू करा. ऑफसेट पुसण्याची सोय काफ्का ३.६ पासून कनेक्टच्या रेस्ट एपीआयमध्येच आहे. कॅलेंडरमध्ये पंचेचाळीसच नोंदी दिसल्या पाहिजेत, आणि डेड लेटर टॉपिकमध्ये ४०९ चे पन्नास मेसेज.