त्याच खुराड्यातल्या बाकीच्या कोंबड्यांना काहीच कसं झालं नाही?

श्रावणात आमची एक तपकिरी तलंग गेली. साडेचार महिन्यांची, अंड्यावर यायच्या बेतात होती. सकाळी खुराडं उघडलं तर बाकीच्या फडफडत कुळागरात पळाल्या आणि ही तिथंच, एक पाय पुढे ताणलेला, एक मागे, दाणे बघून चोच पुढे करत होती पण उठताच येईना. डॉक्टर बघून म्हणाले मॅरेक्स, कोंबड्यांचा विषाणूचा रोग, पाय असे पडले की बहुतेक तोच. आई आठ दिवस तिला हातानं पाणी पाजत होती.

आईचा एकच प्रश्न, हिला तर हॅचरीत लस दिलेली, मग बिनलशीच्या गावठी पिल्लांना काहीच कसं नाही? पाच-सहा कोंबड्यांवरून काही सिद्ध होत नाही हे खरं, पण प्रश्न डोक्यातून जाईना म्हणून वाचत बसलो.

हा विषाणू पिसांच्या मुळाशी वाढतो आणि कोंड्याबरोबर हवेत उडतो, म्हणजे एका खुराड्यात तो सगळ्यांच्याच नाकात जाणार. लस बहुतेक वेळा रोग अडवते, पण विषाणू अंगात शिरणं अडवत नाही. पुढचं बरंचसं रक्तावर, म्हणजे आईबापाकडून काय आलंय त्यावर. कोंबडीच्या १६ नंबरच्या क्रोमोसोमवर बी नावाचा जीन्सचा पुंजका आहे. त्यातून बनणारी प्रोटीन्स विषाणूचे तुकडे पेशीच्या बाहेर धरून दाखवतात, ते बघून टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी, त्या पेशीला मारतात. माणसात असे तुकडे दाखवणारे बरेच जीन्स जोरात चालतात, एकाला जमलं नाही तर दुसरा असतो, कोंबडीत मात्र मुख्यतः एकच जोरात चालतो, त्यामुळे तो कुठल्या प्रकारचा मिळाला यावर फार काही ठरतं. १९७७ मध्येच दिसलं होतं की बी२१ प्रकारच्या कोंबड्या मॅरेक्सला चांगल्या टिकतात, आणि बी१९ वाल्या लवकर बळी पडतात.

पण एका रोगाला चांगला म्हणजे सगळ्यांना चांगला असं नाही. इजिप्तची फायूमी जात मानमोडीचा (राणीखेतचा) विषाणू लेगहॉर्न जातीपेक्षा लवकर अंगातून काढून टाकते, आणि तिथं बी सोडून दुसरेही बरेच जीन्स कामाला असतात. शिवाय फुकट काही मिळत नाही, जास्त अँटिबॉडी देणाऱ्याच कोंबड्या पिढ्यान्‌पिढ्या निवडत गेले तर त्यांचं वजन कमी भरायला लागलं.

म्हणून मला वाटतं गावात जे वेगवेगळं रक्त शिल्लक आहे ते जपायला हवं, कारण पुढचा रोग कुठला येईल आणि त्याला कुणाचं रक्त टिकेल ते आज कुणाला ठाऊक. शेजारचे काका म्हणतात, हा गावठी कोंबडा काढ रे, चांगल्या जातीचा आण, अंडी वाढतील. वाढतील, काका बरोबर बोलतात. तरी मी त्याला ठेवलाय. त्याच्याच नऊ अंड्यांवर काळी खुडूक बसलीय, लसही या वेळी पहिल्याच दिवशी सगळ्या पिल्लांना देणार, आणि कुठलं पिल्लू कुणाचं ते पायात रंगीत दोरा बांधून वहीत लिहून ठेवणार आहे.