आमची वाटचाल : भिगवणचं जाळ्यांचं दुकान

उजनी धरण 1980 साली पुरं झालं. जमिनी पाण्याखाली गेल्या आणि भीमाकाठची बरीच माणसं होडी घेऊन त्याच पाण्यात उतरली. वडिलांनी तेव्हा भिगवणला जाळी, दोर, शिसं आणि बोयांचं दुकान टाकलं. आता मी बघतो.

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक मासा सांगत नाही, आस, म्हणजे जाळ्याच्या भोकाचं माप, सांगतं. जाळं ताणायचं, आसात बोटं घालून बघायची, मग किलोचा भाव विचारायचा. सुरुवातीला खप होता तो कटला-रोहूच्या मोठ्या आसाचा. वाम, मरळ, शिंगटाही भरपूर मिळायचा. पुढे चिलापीनं (तिलापिया) धरण व्यापलं. ही मूळची आफ्रिकेची, भारतात 1952 साली आणलेली. पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे एकदा शिरली की हटत नाही. आमच्याकडे बारीक आस आणि तंगूस, म्हणजे नायलॉनच्या एकेरी धाग्याचं जाळं, खपू लागलं.

म्हणूनच मासा किती टन निघाला एवढ्यावर माझं समाधान होत नाही. एफएओ, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना, तिच्या तक्त्यात गोड्या पाण्यातल्या मासेमारीत 2022 साली भारत पहिला, सुमारे 19 लाख टन. मागे बांगलादेश 13 लाख, चीन 12 लाख. पूर्वी वर्षानुवर्षं पहिला असायचा तो चीन. त्याचा आकडा उतरला त्यात यांगत्सेवरच्या बंदीचा मोठा हात : संरक्षित पट्ट्यांत 2020 पासून आणि 2021 पासून मुख्य नदीत दहा वर्षं. नुसता तक्ता बघणाऱ्याला वाटेल, चीनमधला मासाच संपला.

व्हिक्टोरिया सरोवराचं उलटं. तिथे बाहेरून आणून सोडलेला नाईल पर्च 1980 नंतर अफाट निघू लागला, त्याचे तुकडे युरोपात जाऊ लागले. आज तिथे वजनाने सर्वांत जास्त निघतो तो बोटाएवढा रुपेरी मासा, टांझानियात ‘डागा’, केनियात ‘ओमेना’. रात्री दिवे लावून, बारीक आसाने धरलेला. टन कमी दिसत नाहीत, मासा मात्र बदललाय. तिथला जाळीवाला भेटला तर आमचं पाच मिनिटांत जमेल.

आमच्या धरणात भांडण आहे वडापाचं, म्हणजे बारीक मासाही ओढून काढणाऱ्या बारीक आसाच्या जाळ्याचं. धरणात सोडलेली बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) वर्षभर टिकली तर कटला किलोभर होतो. वडापात ती सुकटाच्या भावाने जाते. दोन बोटांखालच्या आसाचं जाळं आम्ही ठेवणं बंद केलं. त्या गिऱ्हाइकाला दुसरीकडे मिळतंच, आणि पावसाळ्याच्या तोंडाला गल्ला हलका राहतो, हे खरं. ती तूट आता पिंजऱ्यातल्या मत्स्यपालनाच्या बिनगाठी जाळ्यांवर भरून निघते. त्या मापाची शिलाई आम्ही दुकानामागेच करून देतो.