छातीत दुखलं नाही, मग अटॅक कसा?

यांच्या हार्ट अटॅकचं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाहीतर भिशीत, लग्नाच्या पंगतीत सांगून माझं तोंड दुखलंय. "यांच्या छातीत दुखलंच नाही म्हणे! आणि घरात असून तुम्हाला कळलं नाही?"

पहिल्याचं उत्तर पाठ आहे. हृदयातली कळ मेंदूपर्यंत नेतात त्या नसा. रक्ताच्या नव्हेत, मज्जातंतू. बावीस वर्षांच्या मधुमेहानं त्याच बधिर झालेल्या. स्नायू मरत होता आणि निरोप पोचत नव्हता.

दुसऱ्याचं उत्तर रंगपंचमीच्या सकाळचं आहे. आम्ही इंदूरला राजवाड्याजवळ राहतो, गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, दारावरूनच जाते. हे गच्चीवर निघाले आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसले. बनियन पिळून काढावं इतकं ओलं. "कसंतरी होतंय गं." दुखतंय का? "नाही." घाम म्हणजे शुगर उतरली, हे मला ठाऊक. तपासली तर १६८, उतरलेली नव्हती. माझा जीव भांड्यात पडला! लिंबूपाणी दिलं, आडवं केलं. खाली टँकर रंग उडवत गेले, खिडकीची काच गुलाबी झाली, हे डोळे मिटून पडलेले. दवाखान्यात पोचलो ते दुपारी चारला. रस्ते बंद होते, असं मी सगळ्यांना सांगते. बंद होतेच. पण मी फोनही केला नव्हता.

लक्षणं नव्हतीच, असंही मी वर्षभर म्हणत होते. खोटं. बीपीचं मशीन कित्येक महिने बसल्याजागी नाडी १०४ दाखवत होतं. मी सेल बदलले. व्हेगस नावाची लांबलचक नस हृदयाचा ब्रेक असते; १९२१ साली ओटो लोवी या शास्त्रज्ञानं बेडकाच्या हृदयावर दाखवलं, की ती रसायन सोडून ठोके मंदावते. मधुमेहात बहुतेकदा आधी तीच जाते, आणि ब्रेक गेला की नाडी पळते. हे मी नंतर वाचलं. आधी वाचलं असतं तर? तरी सेलच बदलले असते, असं कधी वाटतं.

आता बीटा ब्लॉकर चालू आहे. ठोके वाढवणाऱ्या अॅड्रेनलिनच्या हाकेला हृदयानं ओ देऊ नये म्हणून. अशक्त हृदयाला ही गोळी नकोच, असं डॉक्टर पूर्वी मानत. १९९९ च्या मोठ्या चाचण्यांनंतर तीच नेमाची झाली. नाडी ७२ असते.

पाहुणे आले की हे सांगतात, "हिनं लिंबूपाणी दिलं म्हणून वाचलो." सगळे हसतात. मी चहा टाकायला आत जाते.