कॉफी, आजी आणि दोन दिवसांचा गल्ला

"गरम कॉफी सांडली म्हणून बाईने मॅकडोनाल्ड्सकडून करोडो उकळले" हा फॉरवर्ड अजूनही वकिलांच्या ग्रुपवर फिरतो आणि दरवेळी माझं डोकं उठतं. मी मोटार अपघाताचे क्लेम चालवतो, म्हणजे कायम भरपाई मागणाऱ्याच्या बाजूने, त्यामुळे मला ती केस म्हणजे ज्युरीला, म्हणजे निकाल द्यायला बसवलेल्या साध्या नागरिकांना, पटवावं कसं याचा धडा वाटते.

१९९२ चा फेब्रुवारी, न्यू मेक्सिकोतलं अल्बुकर्की. ७९ वर्षांच्या स्टेला लीबेक नातवाच्या गाडीत शेजारच्या सीटवर, गाडी उभी केलेली, कप गुडघ्यांत धरून झाकण काढायला गेल्या आणि सगळी कॉफी मांडीवर. पँटच्या कापडाने ती शोषली आणि कातडीला धरून ठेवली. थर्ड डिग्री बर्न्स, ८ दिवस हॉस्पिटल, स्किन ग्राफ्टिंग. आजींनी २०,००० डॉलर मागितले, कंपनीने ८०० देऊ केले.

१९९४ मध्ये केस बारा जणांच्या ज्युरीपुढे उभी राहिली. त्यातल्या एकाने नंतर पत्रकारांना सांगितलं की कॉफी सांडल्याच्या भांडणासाठी आपल्याला कशाला बोलावलंय, असंच त्याला आधी वाटत होतं. आता अशा माणसापुढे आजींचं दुःख रंगवून काय होणार? शिवाय अमेरिकेत बहुतेक ठिकाणी वकिलाला "तुम्ही स्वतःला यांच्या जागी ठेवा" असं ज्युरीला सांगताच येत नाही, लगेच ऑब्जेक्शन.

आजींचे वकील रीड मॉर्गन. त्यांनी काय केलं, तर आधी तापमान पुढे आणलं. कंपनीच्या मॅन्युअलप्रमाणे कॉफी साधारण ८२ ते ८८ डिग्री सेल्सिअसला ठेवायची, आणि ८८ ला कातडी काही सेकंदांत खोलवर भाजते. मग कागद पुढे आणले, दहा वर्षांत भाजल्याच्या ७०० तक्रारी, म्हणजे कंपनीला सगळं माहीत होतं. आणि पुढचं काम तर समोरच्या पार्टीनेच करून दिलं. त्यांचा एक्सपर्ट म्हणाला की एवढे अब्जावधी कप विकले जातात त्यात ७०० म्हणजे काहीच नाही. हिशोबाने बरोबरच होतं हो, पण ज्युरीत माणसं बसलेली असतात, आणि प्रत्येक आकड्यामागे एक भाजलेला माणूस आहे हे त्यांच्या बरोबर डोक्यात बसलं. साक्षीदाराला स्वतःच्याच तोंडाने फसू द्यायला लई संयम लागतो, आपले निम्मे वकील तिथे मध्येच "म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय का" करून घाण करतात.

आणि आकडा! नुसतं "जबर दंड करा" न म्हणता मॉर्गननी मोजमाप हातात दिलं, कंपनीचा कॉफीचा एक-दोन दिवसांचा गल्ला. ज्युरीने दोन दिवसांचा धरला, २७ लाख डॉलर. मूळ भरपाई २ लाख ठरवली पण आजींची २० टक्के चूक धरून १ लाख ६० हजारच दिले, हे फॉरवर्डमध्ये कधीच नसतं. पुढे जजने दंडही ४ लाख ८० हजारांवर आणला आणि शेवटी बाहेर सेटलमेंट झाली, रक्कम गुपित.

आपल्याकडे ज्युरी म्हटलं की लोकांना फक्त नानावटी आठवतात, बायकोच्या प्रियकराला गोळ्या घालणारे नौदल अधिकारी, ८ विरुद्ध १ ने निर्दोष ठरवणारा निकाल. आमच्या मोटार अपघात ट्रिब्युनलमध्ये एकटे जजसाहेब आणि त्यांच्यासमोर मल्टिप्लायरचा, म्हणजे वर्षाच्या कमाईला कितीने गुणायचं त्याचा तक्ता, वय २६ ते ३० असेल तर १७, संपलं. मयताच्या बायकोच्या कन्सॉर्टियमचे, म्हणजे नवऱ्याची साथ गमावल्याच्या भरपाईचे सुद्धा सुप्रीम कोर्टाने २०१७ ला ४०,००० ठरवून दिलेत, दर तीन वर्षांनी १० टक्के वाढ, तिथे भाषण ठोकून रुपया वाढत नाही. पटवायला जागा उरते ती अपंगत्वात. सर्टिफिकेटवर ३० टक्के लिहिलेलं असतं, पण सुताराचा उजवा हात गेला तर कमाई ३० टक्केच गेली का? तिथे मी सर्टिफिकेट बाजूला ठेवतो आणि त्याला आधी रंधा कसा धरायचास ते सांगायला लावतो.