तुम्ही विचारलेत म्हणून: साचा उसना का देत नाही

वांद्र्याला बँडस्टँडच्या खडकांवर माझ्या शेजारी उभे राहून मासे गरवणाऱ्या बहुतेकांनी मला हे केव्हा ना केव्हा विचारले आहे: जिग (शिशाचे डोके असलेले मासेमारीचे गळ) घरी ओतता, साचेही स्वतःच करता, मग एखादा साचा आठवडाभर उसना द्यायला काय हरकत आहे? आजवर मी ‘तुटेल’, ‘सध्या दुसऱ्याकडे आहे’ असे काहीबाही सांगत आलो, आणि त्यावरून माझ्या पाठीमागे जे बोलले जाते ते माझ्या कानांवर येते. मी चिक्कू नाही. ओतलेले जिग मी मुठी भरभरून वाटले आहेत, हे निदान घेणाऱ्यांना तरी आठवत असेल.

कृतीही मी कधी लपवली नाही. प्लॅस्टिसिनच्या थरात नमुन्याचा जिग बरोबर निम्मा बुडवायचा, दोन्ही भाग पुन्हा नेमके जुळावेत म्हणून दोन गोट्या अर्ध्या रोवायच्या, भोवती पुठ्ठ्याची चौकट उभी करायची आणि पाण्यात प्लास्टर भुरभुरत कालवायचे. प्लास्टरवर पाणी ओतायचे नाही. पहिला भाग घट्ट झाला की त्यावर साबणाचे पाणी दोनतीनदा फिरवून दुसरा भाग ओतायचा. मग ओतायचे तोंड, गळाच्या दांडीची खाच आणि हवा निघायला केसाएवढ्या चिरा कोरायच्या. एवढे कुणालाही जमते. अडते ते वाळण्यापाशी, आणि त्याविषयी मी सर्वांना छातीठोकपणे सांगत असे की साचा गालाला लावा, गार लागला तर ओला. नखाने वाजवा, टणटणीत वाजला की वाळला.

जुलै २०१९ मध्ये तो मोठा पाऊस झाला, त्यानंतरच्या रविवारी माझा चौदा वर्षांचा भाचा माझ्याकडे राहायला आला होता. मी माळ्यावरून साचा काढला. तो नवा नव्हता, हे मला मुद्दाम सांगायचे आहे. मे महिन्यात त्याच साच्यातून मी चाळीसच्या वर जिग काढले होते, म्हणूनच माझा त्याच्यावर विश्वास होता. गालाला लावला, गार लागला नाही. वाजवला, टणटणीत वाजला. सज्जात छोट्या शेगडीवर शिसे वितळत होते, भाचा दुपारपासून हौसेने त्यावरची मळी काढत होता, आणि ‘मामा, मी ओतू?’ असे त्याने तिसऱ्यांदा विचारल्यावर मी पळी त्याच्या हातात दिली. धार साच्यात शिरली तसा फोडणीत मोहरी तडतडावी तसा बारीक आवाज आला आणि तोंडाशी शिसे उकळल्यासारखे हलू लागले. त्याने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, ‘थांबू नकोस, अर्धवट भरेल.’

पुढचे सारे एका क्षणात झाले. साच्यातले शिसे उलटे वर उडाले. तीन थेंब त्याच्या मनगटाच्या वर पडले, एक चष्म्याच्या डाव्या काचेवर बसला, उरलेले सज्जाच्या छताला चिकटले. ते अजून तिथेच आहेत. भाचा ओरडला नाही. गरम पळी कधीही हातातून टाकायची नाही असे मी त्याला बजावले होते, म्हणून मी जाऊन काढून घेईपर्यंत तो ती तशीच धरून उभा होता. बहिणीने मला एकदाच विचारले, ‘दादा, चष्मा नसता तर?’ त्यानंतर तिने तो विषय काढलेला नाही.

कारण मी नंतर शोधले. घट्ट झालेल्या प्लास्टरच्या स्फटिकांतच पाणी असते. ३२७ अंशांना वितळणारे शिसे त्यात पुन्हा पुन्हा ओतले की साच्याच्या आतल्या पृष्ठभागातले पाणी निघून जाते आणि तो भाग पुन्हा कोरड्या पुडीसारखा तहानलेला होतो. मुंबईच्या जुलैची हवा त्याची तहान भागवते. वरून वाजवून आतले हे कळत नाही, आणि पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे पटींहून अधिक जागा मागते. म्हणजे मे महिन्यात मी तुम्हाला जे सांगत होतो ते मेपुरते खरे होते, आणि मी ते बाराही महिने सांगत होतो.

दवाखान्यात भाजलेल्या जागी मलम लावून झाल्यावर डॉक्टरांनी विचारले, मुलगा त्या धातूजवळ किती वेळ होता? माझ्याकडे उत्तर तयार होते: शिसे उकळते १७४९ अंशांना, आपण त्याच्या आसपासही जात नाही, मग वाफ कुठली? हा हिशेब बरोबर आहे आणि तरीही उपयोगाचा नाही, कारण ज्या करड्या मळीत तो दुपारभर चमचा फिरवत होता ती ऑक्साइडची भुकटी असते, ती हाताला लागते आणि हात तोंडाशी जातो. मुलांसाठी शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित ठरलेले नाही. त्याच्या रक्ताची तपासणी केली. काळजीचे कारण नाही, असे सांगण्यात आले. आकडा मी विचारला नाही.

आता कुणी म्हणेल, अॅल्युमिनियमचा साचा द्या. कुर्ल्याच्या एका गाळ्यातून मी तसा करून घेतला आहे. पण पावसाळ्यात थंड अॅल्युमिनियमवरही ओल धरते, तो आधी तापवून घ्यावा लागतो, आणि ‘तापवून घ्या’ हे सांगणे ‘वाजवून बघा’ इतकेच सोपे आहे. यात तुमची काळजी किती आणि कुणी भाजल्याचा फोन मला येऊ नये ही माझी स्वतःची सोय किती, हे मला नीट सांगता येत नाही. ओतणे मी बंद केलेले नाही. ते का केले नाही, हे बहिणीलाही मला सांगता आले नाही.

गेल्या महिन्यात भाच्यानेच साचा मागितला. त्यालाही दिला नाही. म्हटले, जानेवारीत ये, आधी वजन करू. नवा प्लास्टरचा साचा मी आता रोज काट्यावर ठेवतो आणि आकडा उतरायचा थांबेपर्यंत शेगडी पेटवत नाही. सोमवारी तो ६१८ ग्रॅम होता. आज सकाळी ६१६.