'लोड'च्या बाजूने

रविवार, रात्र

आज मामाकडे जेवणं झाल्यावर दादाचं आणि माझं पुन्हा मेटॅलिका या अमेरिकन मेटल बँडवरून वाजलं. निमित्त भाच्याचं. 2022 मध्ये 'स्ट्रेंजर थिंग्ज' या मालिकेत त्यांचं 'मास्टर ऑफ पपेट्स' हे गाणं वाजलं, तेव्हापासून पोरगं या बँडच्या नादी लागलंय. त्याच्या अंगातला मेटॅलिकाच्या अल्बमचा टी-शर्ट बघून दादा म्हणाला, "या अल्बममधली तीन गाणी सांग बघू." तो बिचारा गप्प झाला. मला हे अजिबात आवडलं नाही. गाणं आवडायला तोंडी परीक्षा कशाला? खुद्द बँडने त्या वेळी नव्या मुलांचं मनापासून स्वागत केलं होतं.

दादाचं म्हणणं ठरलेलं. 27 सप्टेंबर 1986 ला स्वीडनमध्ये बस उलटली, त्यांचा बासवादक क्लिफ बर्टन गेला, तिथेच मेटॅलिका संपली. त्याचं दुःख मला कळतं. 'ओरायन'मधला त्याचा बास ऐकला की माझ्याही पोटात तुटतं. आणि पुढच्या '...अँड जस्टिस फॉर ऑल' अल्बममध्ये त्याच्या जागी आलेल्या जेसन न्यूस्टेडचा बास जवळजवळ ऐकूच येत नाही, ही तक्रार मीही तावातावानेच करते.

पण 'बँड पैशासाठी विकला गेला' हे मी ऐकून घेणार नाही. लोकांना वाटतं हा आरोप 1991 च्या काळ्या अल्बमपासून सुरू झाला. छे! 1984 मध्ये, दुसऱ्याच अल्बमवर, अकूस्टिक गिटारने सुरू होणारं 'फेड टू ब्लॅक' आलं, तेव्हाच थ्रॅशवाले, म्हणजे वेगवान, आक्रमक मेटलचे चाहते, बिथरले होते. आज तेच गाणं दादा 'खऱ्या' मेटॅलिकात धरतो.

आमचं खरं भांडण 'लोड' या अल्बमचं. 1996 मध्ये तो आला तेव्हा बँडच्या चौघांनी केस कापले आणि लोक अजून त्या केसांवरच बोलतायत. गाणी कोण ऐकतं? बँडचा गायक जेम्स हेटफिल्ड किशोरवयात असताना त्याची आई कॅन्सरने गेली, धर्मश्रद्धेपायी औषधोपचार न घेता. पुढे वडिलांनाही कॅन्सरच. 'अनटिल इट स्लीप्स' त्या आजारावर आहे, 'मामा सेड' आईसाठी. इतकं उघडं तो आधी क्वचितच लिहीत होता. आणि 'द आउटलॉ टॉर्न'! जवळपास दहा मिनिटांचं गाणं, तेही सीडीत मावेना म्हणून शेवट छाटलेलं. पूर्ण रूपात ते नंतर 'द मेमरी रिमेन्स'च्या सिंगलवर आलं. ते ऐकून कुणी म्हणावं की हे पैशासाठी केलं!

'सेंट अँगर' या नंतरच्या अल्बमबद्दल मात्र आमचं एकमत. स्नेअर ड्रमचा तो पत्र्याचा डबा बडवल्यासारखा आवाज एक वेळ सोसेन, पण कर्क हॅमेटसारखा गिटारवादक असताना अख्ख्या अल्बममध्ये गिटारचा एकही सोलो नाही?

निघताना भाच्याला 'लोड'मधलं 'ब्लीडिंग मी' पाठवलं. दादाने 'ओरायन'. उद्या दादाला फोन करणार आहे. 'लोड' नाही आवडला तर नको आवडू दे, पण कुठे खटकलं ते गाण्यावर बोट ठेवून सांग म्हणेन. केसांचा विषय काढायचा नाही.