‘लोकप्रियता घसरली’ म्हणजे नेमकं काय घसरलं?

‘ट्रम्प यांच्या लोकप्रियतेत दोन टक्क्यांची घट.’ मराठी पेपरात देश-विदेशच्या पानावर, एका स्तंभात, वृत्तसंस्थेच्या हवाल्याने अशी बातमी अधूनमधून येतच असते. कधी नाव बदलतं, कधी दोनाचे तीन होतात, कधी घटीच्या जागी वाढ येते. चाचणी कुणी घेतली, कोणत्या तारखांना, किती लोकांना विचारलं, हे मूळ इंग्रजी बातमीत चौथ्या-पाचव्या परिच्छेदात असतं. आपल्याकडे बातमी जागेत बसवताना डेस्कची कात्री पहिल्यांदा तिथेच चालते. मग उरतो तो मथळा, आणि तेवढ्यावरून काहीच कळत नाही.

आधी ‘लोकप्रियता’ हा शब्दच बघा. अमेरिकेत विचारतात ते असं: राष्ट्राध्यक्ष ज्या पद्धतीने काम करतायत, ती तुम्हाला मान्य आहे का? गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेने हा प्रश्न फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या काळापासून, दशकानुदशकं जवळपास त्याच शब्दांत विचारला. माणूस म्हणून तो आवडतो का, हा प्रश्न निराळा. तो वेगळा विचारतात आणि त्याची उत्तरंही वेगळी येतात. शिवाय ‘मान्य नाही’ म्हणणारे सगळे विरोधक नसतात. आपल्याच माणसाने आणखी कडक धोरण घ्यायला हवं होतं म्हणून चिडलेला कट्टर समर्थकही त्याच रकान्यात जातो. दोघांची बेरीज करून ‘जनतेचा रोष’ म्हणणं सोपं असतं, म्हणून म्हटलं जातं.

आता हिशेब. हजार माणसांची चाचणी असेल तर आकडा तीन टक्के इकडेतिकडे असू शकतो, इतपत बहुतेकांना माहीत असतं. पण ही मर्यादा एका चाचणीची. मागच्या महिन्याच्या आकड्यातून या महिन्याचा वजा केला की दोन्हींची चूक त्या वजाबाकीत शिरते, आणि मर्यादा साडेचार टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणजे ४३ चे ४१ झाले तर प्रत्यक्षात काहीच झालेलं नसण्याची शक्यता भरपूर. पोटगटांचं तर विचारूच नका. हजारात रिपब्लिकन तीनशे धरले तर त्यांच्यापुरती मर्यादा साडेपाच ते सहा टक्के. त्यातून तिशीच्या आतले शंभर जण वेगळे काढले तर जवळजवळ दहा. ‘तरुणांनी पाठ फिरवली’ छापाचे मथळे पुष्कळदा अशा शंभरांच्या खांद्यावर उभे असतात.

हे झालं निव्वळ नमुन्याच्या आकारामुळे होणाऱ्या चुकीचं. फोन कोण उचलतं, ऑनलाइन फॉर्म कोण भरतं, ही चूक त्या मर्यादेत धरलेलीच नसते. २०१६ मध्ये अनेक राज्यांच्या चाचण्या चुकल्या त्याचं एक ठळक कारण हेच. पदवीधर लोक उत्तरं द्यायला जास्त तयार असतात, त्या वर्षी त्यांचा कल डेमोक्रॅट उमेदवार हिलरी क्लिंटन यांच्याकडे होता, आणि बऱ्याच संस्थांनी शिक्षणानुसार वजन लावून तो फरक सारखा केला नव्हता.

विचारलं कुणाला, हेही तितकंच महत्त्वाचं. सगळे प्रौढ, नोंदणी केलेले मतदार, आणि मतदानाला नक्की जातील असे वाटणारे मतदार, या तीन वेगळ्या चाळण्या आहेत. एका संस्थेची प्रौढांची चाचणी आणि दुसरीची ‘नक्की जाणाऱ्यां’ची चाचणी शेजारी ठेवून वाढ किंवा घट काढणं म्हणजे सोलापूरच्या तापमानातून महाबळेश्वरचं वजा करून ‘गारठा वाढला’ म्हणण्यासारखं आहे. तुलना करायचीच तर त्याच संस्थेची, त्याच चाळणीतली, आणि किमान तीन-चार फेऱ्यांची करावी.

टीव्हीवरची एक खास युक्ती सांगून पुढे जातो. पसंती ४३ ची ४१ झाली आणि नापसंती ५३ ची ५५ झाली. हेच निव्वळ पसंतीत, म्हणजे पसंतीतून नापसंती वजा करून, मांडलं की उणे १० चे उणे १४ होतात. दोन टक्क्यांचा फरक चार दिसायला लागतो, खाली लाल बाण काढता येतो, आणि यात खोटं एक अक्षर नसतं. चॅनेल डावं (डेमोक्रॅटांकडे झुकलेलं) असो की उजवं (रिपब्लिकनांकडे), आपल्याला सोयीचा आकडा असला की निव्वळ पसंती, गैरसोयीचा असला की नुसती पसंती.

पण या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे हा आकडा आता फारसा हलतच नाही. १९५० च्या दशकातले रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांच्या आठ वर्षांची गॅलपची सरासरी काढली तर रिपब्लिकनांपैकी ८८ टक्के लोकांना त्यांचं काम मान्य होतं, आणि डेमोक्रॅटांपैकी ४९ टक्क्यांना. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत रिपब्लिकनांचा आकडा पुन्हा ८८ च. डेमोक्रॅटांचा ७. बायडेन यांच्या वेळी बाजू उलटल्या, दरी तशीच राहिली. ट्रम्प यांच्या त्या पहिल्या चार वर्षांत दोनदा महाभियोग झाला, करकपातीचा मोठा कायदा झाला, करोना आला. एवढ्या काळात गॅलपचा आकडा ३४ आणि ४९ च्या मध्येच फिरला, पन्नाशी एकदाही गाठली नाही. याउलट धाकटे बुश ११ सप्टेंबर २००१ च्या आधीच्या आठवड्यात ५१ वर होते, काही दिवसांत ८६ वर गेले आणि महिना संपायच्या आत ९० वर. तेव्हा डेमोक्रॅट मतदार हलत होते, म्हणून आकडा हलत होता. (थोरल्या बुश यांना आखाती युद्धानंतर १९९१ मध्ये ८९ टक्के मिळाले होते आणि पुढच्याच वर्षी ते निवडणूक हरले, तेव्हा वर गेलेल्या आकड्यावरही फार भिस्त ठेवू नये.)

अर्थव्यवस्थेबद्दलच्या प्रश्नांचंही तेच. नोव्हेंबर २०१६ मध्ये निकाल लागल्यावर काही दिवसांत रिपब्लिकनांना अर्थव्यवस्था एकदम बरी वाटायला लागली. तेवढ्या दिवसांत ना कुठली गिरणी सुरू झाली होती, ना कुणाचा पगार वाढला होता. २०२० मध्ये बाजू बदलून हाच खेळ झाला. त्यामुळे ओहायोतल्या खाणावळीत बसलेल्या चार ग्राहकांना ‘महागाईचं काय?’ विचारून केलेला वृत्तांत बघताना ते चौघं कुणाचे मतदार आहेत हे आधी कळायला हवं.

मतांच्या आकड्यांत वाद समजू शकतो. खरी गंमत दिसते ती सरकारी आकड्यांत. १ ऑगस्ट २०२५, शुक्रवार. वॉशिंग्टनच्या वेळेनुसार सकाळी साडेआठला कामगार सांख्यिकी विभागाचा मासिक रोजगार अहवाल आला. जुलैत ७३ हजार नोकऱ्या वाढल्या, बेरोजगारी ४.२ टक्के. मथळा इथे संपू शकला असता. पण त्याच अहवालात मागच्या दोन महिन्यांचे आकडे सुधारले होते. मे महिन्याचे १ लाख ४४ हजार खाली येऊन १९ हजार झाले, जूनचे १ लाख ४७ हजार अवघे १४ हजार. दोन्ही मिळून २ लाख ५८ हजार नोकऱ्या कागदावरून गेल्या. त्याच दिवशी ट्रम्प यांनी विभागाच्या आयुक्त एरिका मॅकएन्टार्फर यांना काढून टाकलं आणि आकडे मुद्दाम फिरवले असल्याचा आरोप केला. पुरावा दिला नाही.

हे आकडे बदलतात कसे? विभाग दर महिन्याला दोन स्वतंत्र पाहण्या करतो. एक आस्थापनांची, १ लाख २० हजारांच्या आसपास मालकांची, तिच्यातून ‘इतक्या नोकऱ्या वाढल्या’ हा आकडा येतो. दुसरी साधारण ६० हजार घरांची, तिच्यातून बेरोजगारीचा दर. म्हणून नोकऱ्या घटल्या आणि बेरोजगारीही घटली, असं एकाच अहवालात होऊ शकतं. आस्थापनांपैकी सगळ्यांची उत्तरं पहिल्या फेरीत पोचत नाहीत. उशिरा आलेली धरून पुढचे दोन महिने आकडा सुधारतात, आणि वर्षातून एकदा बेरोजगारी विम्याच्या करनोंदींशी ताळा करतात. खुद्द विभागच सांगतो की मासिक बदलात सव्वा लाखाच्या आसपास इकडेतिकडे होऊ शकतं. म्हणजे ७३ हजारांची वाढ शून्यापासून खात्रीने वेगळी काढता येत नाही. हे वाक्य मी अजून एकाही चॅनेलच्या पट्टीवर वाचलेलं नाही.

दोन्ही बाजू या ताळ्याचा वापर कसा करतात ते बघा. ऑगस्ट २०२४ मध्ये, निवडणूक तोंडावर असताना, वार्षिक ताळ्याचा प्राथमिक अंदाज उणे ८ लाख १८ हजार निघाला. उजव्या माध्यमांत ‘बायडेन यांनी आकडे फुगवले’ असा गजर झाला, डाव्या माध्यमांनी ‘ही नेहमीची प्रक्रिया’ म्हणून आतल्या पानावर टाकलं. पुढे अंतिम दुरुस्ती सहा लाखांच्या थोडी आत आली, तेव्हा कुणाचंच लक्ष नव्हतं. वर्षभराने उणे ९ लाख ११ हजारांचा अंदाज आला. तो मार्च २०२५ पर्यंतच्या वर्षाचा, म्हणजे बराचसा बायडेन यांच्या काळातला. तेव्हा व्हाइट हाउसने त्याच विभागाचा तोच ताळा आपल्या म्हणण्याचा पुरावा म्हणून पुढे केला.

पक्षपात म्हणजे खोटी बातमी, अशी एक समजूत आहे. तसंही होतं. २०२० च्या निवडणुकीत मतयंत्रांनी घोटाळा केल्याचे दावे दाखवल्याबद्दल फॉक्स न्यूजने एप्रिल २०२३ मध्ये ती यंत्रं बनवणाऱ्या डोमिनियन कंपनीला ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन खटला मिटवला. पण रोजचा पक्षपात काय छापायचं, कुठे छापायचं आणि किती दिवस लावून धरायचं यात असतो. जून २०२४ च्या सुरुवातीला वॉल स्ट्रीट जर्नलने बायडेन बंद दाराआड थकलेले, विसराळू दिसतात अशी सविस्तर बातमी दिली. डेमोक्रॅट नेते तुटून पडले, आणि माध्यमांतली चर्चा बायडेन कसे आहेत यापेक्षा बातमीचे सूत्र कोण यावरच जास्त रंगली. दुसरीकडे उजव्या चॅनेलांवर त्याच सुमारास बायडेन यांच्या अर्धवट कापलेल्या चित्रफिती फिरत होत्या. त्या फसव्या होत्या हे खरं, पण त्या खोडून काढण्याच्या भरात मूळ प्रश्नही खोडला गेला. मग २७ जूनला अटलांटात ट्रम्प आणि बायडेन यांची वादफेरी झाली, सगळ्या देशाने दीड तास डोळ्यांनी पाहिलं, आणि २१ जुलैला बायडेन यांनी निवडणुकीतून माघार घेतली.

सूर मोजणाऱ्या अभ्यासांचाही असाच वापर होतो. हार्वर्डच्या शोरेनस्टाइन केंद्राने २०१७ मध्ये ट्रम्प यांच्या पहिल्या शंभर दिवसांचं वार्तांकन तपासलं. ज्या बातम्यांत ठळक सूर होता त्यांतल्या ८० टक्के नकारात्मक निघाल्या. ओबामा यांच्या वेळी त्याच काळात नकारात्मक ४१ टक्के होत्या. रिपब्लिकन हा आकडा शपथेवर सांगतात, ‘बघा, माध्यमं वैरी आहेत.’ पण ट्रम्प यांचा काही देशांतल्या लोकांवरच्या प्रवासबंदीचा आदेश न्यायालयाने रोखला, ही साधी खरी बातमीही या मोजणीत नकारात्मकच धरली जाते. सूर वाईट असणं आणि बातमी चूक असणं या दोन गोष्टी वेगळ्या. तरीही सीएनएनवर ९३ टक्के नकारात्मक आणि फॉक्सवर ५२, हा फरक केवळ घटनांनी पडत नाही. देश एकच होता, राष्ट्राध्यक्षही एकच.

माध्यमं अशी एकतर्फी कधीपासून झाली, याचं तयार उत्तर असतं: १९८७ मध्ये रेगन यांच्या काळात दोन्ही बाजू दाखवण्याचा ‘फेअरनेस डॉक्ट्रिन’ नियम गेला तेव्हापासून. अर्धं खरं. १९४९ चा तो नियम सार्वजनिक लहरी वापरणाऱ्या रेडिओ आणि टीव्ही केंद्रांपुरता होता. तो गेला म्हणून पुढच्याच वर्षीपासून रश लिम्बॉ यांच्यासारख्या उजव्या निवेदकांचा एकतर्फी रेडिओ देशभर पसरू शकला. केबलला तो तसा कधी लागूच नव्हता, तेव्हा १९९६ मध्ये सुरू झालेल्या फॉक्स न्यूज आणि एमएसएनबीसी यांना तो अडवू शकला नसता.

आपल्या घरांशी थेट गाठ पडली ती सप्टेंबर २०२५ मध्ये. शुक्रवारी, १९ तारखेला, एच-वन-बी व्हिसावर १ लाख डॉलर शुल्काचा आदेश निघाला. सही होताना वाणिज्यमंत्री लटनिक यांनी हे शुल्क दरवर्षी लागेल असं सांगितलं, आणि जगभर तोच मथळा गेला, पुणे-मुंबईतही. आदेश वॉशिंग्टनच्या वेळेनुसार शनिवारची मध्यरात्र उलटून एक मिनिटाने, म्हणजे आपल्याकडे रविवारी सकाळी ९ वाजून ३१ मिनिटांनी लागू होणार होता. मोठ्या कंपन्यांनी बाहेर असलेल्या कर्मचाऱ्यांना ताबडतोब परत यायला सांगितलं, विमानाची तिकिटं कडाडली, सणासाठी आलेले लोक बॅगा न उघडता फिरले. शनिवारी व्हाइट हाउसचा खुलासा आला की शुल्क एकदाच, तेही फक्त नव्या अर्जांवर, आधीचा व्हिसा असलेल्यांना येण्याजाण्याला आडकाठी नाही. आदेशाचा मजकूर शुक्रवारीच व्हाइट हाउसच्या संकेतस्थळावर होता. जुन्या व्हिसाधारकांबद्दल तो संदिग्धच होता, खुलाशाची गरज होतीच. पण ‘दरवर्षी’ हा शब्द त्यात कुठेही नव्हता.